मोबाईलवर लूप लावणाऱ्यांना आज जो प्रश्न पडतो, तो मिरजेच्या अब्दुल करीम खाँसाहेबांनी शंभर वर्षांपूर्वीच गाऊन दाखवला होता

मिरा रोडला वन बीएचकेमध्ये राहणाऱ्या आणि गाणं शिकणाऱ्या माणसाला एक प्रश्न हमखास पडतो. तंबोरा ठेवायचा कुठे? चार-साडेचार फूट लांबीचं वाद्य, खाली भलामोठा भोपळा. कपाटावर मावत नाही, कोपऱ्यात उभा केला तर घरातल्या पोरांचा धक्का लागतो. आणि भाईंदरहून दादरला क्लासला जायचं असेल, तर सकाळची विरार लोकल आणि खांद्यावर तंबोरा, हा प्रयोग कुणी करून दाखवावाच.

म्हणून सगळे मोबाईलवर आले. तानपुऱ्याचं ॲप, तबल्याचं ॲप, आणि आता तर लूपिंग आणि सॅम्पलिंगची ॲप्स. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी सांगतो. लूपिंग म्हणजे तुम्ही चार मात्रांचा एक तुकडा गायचा किंवा वाजवायचा, ॲप तो पकडतं आणि परत परत वाजवत राहतं. त्यावर दुसरा थर चढवायचा, मग तिसरा. एकटा माणूस अख्खा बँड. सॅम्पलिंग म्हणजे कुठलाही आवाज, म्हणजे कुकरची शिट्टी असो की जुनी रेकॉर्ड, पकडायचा, कापायचा आणि बटणावर बसवायचा. लूपी, कोआला ही नावं या दुनियेत सगळ्यांना माहिती आहेत. ॲपलच्या गॅरेजबँडमध्ये तर २०१६ पासून लाईव्ह लूप्स नावाचा प्रकार फुकट मिळतोय.

आता गंमत इथून सुरू होते. तुम्ही मस्तपैकी तानपुऱ्याचा लूप लावला, त्यावर फोनच्या कीबोर्डवरून सा, ग, प असे स्वर धरले, आणि काहीतरी खटकायला लागलं. सगळं बरोबर आहे, बटणं बरोबर दाबलीत, तरी गंधार कानाला टोचतोय. मग कुणीतरी जाणकार सांगतो की सेटिंगमध्ये जा, ट्यूनिंग बदल, गंधार चौदा सेंट खाली ओढ. ओढला की आवाज एकदम शांत होतो, पाण्यावरचा तरंग विरावा तसा.

हे चौदा सेंट कुठून आले, यावर आपल्या सांगली-मिरजेत शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रीतसर प्रयोग झाले होते. प्रयोगात तार मोजणारे होते एक निवृत्त डेप्युटी कलेक्टर. आणि मोजण्यासाठी सूर लावणारा गळा होता उस्ताद अब्दुल करीम खाँ यांचा.

अब्दुल करीम खाँ यांचा जन्म १८७२ चा, उत्तर प्रदेशातल्या कैराना गावचा. आज हे गाव शामली जिल्ह्यात येतं. याच गावाच्या नावावरून गाण्यातलं किराणा घराणं आलं. वाण्याच्या किराणा दुकानाशी त्याचा काही संबंध नाही, हे एकदा सांगून टाकलेलं बरं. घरात गाणं-बजावणं पिढीजात. वडील काले खाँ, काका अब्दुल्ला खाँ यांच्याकडे पोराची तालीम झाली. गळ्याबरोबर सारंगी आणि बीनही हातात आली. ही गोष्ट लक्षात ठेवा. सारंगीला पडदे नसतात. बोट केसभर सरकलं की सूर सरकतो. असं वाद्य वाजवणाऱ्या माणसाला स्वर म्हणजे एक ठिपका नसतो, तो एक छोटासा रस्ता असतो, हे लहानपणीच कळतं.

तरुणपणी भाऊ अब्दुल हक याच्यासोबत फिरत फिरत ते बडोद्याला पोहोचले. सयाजीराव गायकवाडांचं संस्थान म्हणजे त्या काळी कलावंतांसाठी मोठंच ठिकाण. दोघा भावांना तिथे आश्रय मिळाला. तिथेच ताराबाई माने या मुलीला गाणं शिकवण्याचं काम खाँसाहेबांकडे आलं. ताराबाई म्हणजे सरदार मारुतीराव माने यांची मुलगी, राजघराण्याच्या नात्यातली. गुरू-शिष्येचं प्रेम जमलं. संस्थानात हे प्रकरण पचणं शक्यच नव्हतं. मग एकोणिसावं शतक संपता संपता दोघांनी बडोदं सोडलं, मुंबई गाठली आणि पुढे मिरजेत बस्तान बसवलं.

मिरजच का, याचीही एक कथा आहे. त्या वर्षांत प्लेगनं सगळा मुलूख पोखरून काढला होता. खाँसाहेबांनाही प्लेग झाला, ते मिरजेच्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात गेले, तिथे गायले आणि बरे झाले, असं मिरजेत आजही सांगितलं जातं. कथा बाजूला ठेवली तरी मिरज निवडण्यामागे गवयाला पटेल असं एक कारण होतंच. मिरज हे तंबोऱ्याचं गाव. एकोणिसाव्या शतकात फरीदसाहेब सतारमेकर यांनी तिथे वाद्यं बनवायला सुरुवात केली आणि पुढे पिढ्यानपिढ्या ती गल्ली त्याच कामात राहिली. पंढरपूरकडचे भोपळे, त्यावर दांडा, पडदी घोडी. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार आणि तंबोऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. खाँसाहेब स्वतः वाद्यं दुरुस्त करण्यात तरबेज होते. तंबोऱ्याची जवारी लावणं, म्हणजे तारेखालची घोडी घासून आणि दोरा सरकवून तो झणझणता आवाज काढणं, हे काम ते स्वतःच्या हातानं करायचे.

इथे जरा थांबू, कारण लूपवाल्यांसाठी खरी मेजवानी या जवारीतच आहे.

तंबोऱ्याच्या चार तारा. पहिली बहुतेक वेळा पंचम, मग दोन षड्ज आणि शेवटी खर्ज. या क्रमानं त्या वाजत राहतात, थांबत नाहीत. म्हणजे बघायला गेलं तर हा आपला जुना लूपच. पण तार जेव्हा त्या रुंद घोडीवर घासत थरथरते, तेव्हा तिच्यातून मूळ सुराबरोबर वरचे सूरही सुटे सुटे ऐकू यायला लागतात. तार जिथे छेडली तिथल्या नियमानं काही वरचे सूर गायबच व्हायला हवेत, पण तंबोऱ्यात आणि वीणेत ते गायब होत नाहीत. हे सर सी. व्ही. रामन यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी १९२१ साली त्यावर शोधनिबंध लिहिला. या वरच्या सुरांपैकी पाचवा जो असतो, तो गंधार असतो. कुणी न वाजवता खर्जाच्या तारेतून आपोआप येणारा. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात.

आता गणित. एका सप्तकाचे १२०० भाग केले तर एका भागाला सेंट म्हणतात. हार्मोनियम, पियानो आणि तुमच्या फोनचा कीबोर्ड या १२०० चे सरळ बारा सारखे तुकडे करतात, प्रत्येकी १०० चा. त्या हिशेबानं शुद्ध गंधार येतो ४०० वर. पण तंबोऱ्यातला स्वयंभू गंधार असतो ३८६ वर. हा फरक चौदाचा. काळी एकमध्ये सा धरला, तर तंबोऱ्यातून येणारा गंधार आणि कीबोर्डचा गंधार यांच्यात सेकंदाला साधारण साडेपाच हेलकावे पडतात. टोचतं ते हेच. पंचमाचं तितकं टोचत नाही, कारण तिथे फरक फक्त दोन सेंटचा, ७०० आणि ७०२. कोमल गंधारात मात्र पुन्हा सोळाचा फरक पडतो, धैवतात तसाच.

ॲपमध्ये लूप म्हणजे सोपी गोष्ट. मशीन न थकता वाजवत राहतं. त्या लूपच्या आत तुम्ही नक्की काय भरलं, भांडण सगळं त्याचं आहे.

हेच भांडण सांगलीत कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या डोक्यात घोळत होतं. देवल डेप्युटी कलेक्टर म्हणून निवृत्त झालेले. आपल्या जुन्या ग्रंथांत सप्तकाच्या बावीस श्रुती सांगितल्यात. मग त्या प्रत्यक्ष आहेत कुठे, याचा त्यांना छंद लागला. पोथीवर पोथी लिहिण्याऐवजी त्यांनी सरळ तार ताणली आणि मोजायला बसले. गवयानं स्वर लावायचा, तार त्या स्वराशी जुळेपर्यंत घोडी सरकवायची, लांबी मोजायची, गुणोत्तर काढायचं. या कामाला ज्याचा सूर हलत नाही असाच गळा लागतो. तो अब्दुल करीम खाँ यांचा होता. एखाद्या रागातला ऋषभ किंवा गंधार परत परत तसाच्या तसा लावून दाखवणं हे ऐकायला सोपं वाटतं. फोनवर ट्यूनर उघडा आणि दहा वेळा एकच गंधार लावून बघा, काटा कुठे कुठे फिरतो ते दिसेल.

देवलांचं बावीस श्रुतींवरचं इंग्रजी पुस्तक १९१० साली आलं. त्यांना अर्नेस्ट क्लेमंट्स नावाचा साथीदार मिळाला. हे साहेब आयसीएस, साताऱ्याकडे न्यायाधीश म्हणून नेमलेले आणि आपल्या संगीतानं झपाटलेले. दोघांनी मिळून संस्था काढली, क्लेमंट्सनी १९१३ मध्ये पुस्तक लिहिलं, आणि दोघांच्या डोक्यातून श्रुती हार्मोनियम निघाली. लंडनहून ती बनवून घेतली. बारा पट्ट्यांऐवजी जास्त स्वर, म्हणजे प्रत्येक रागाला त्याचा त्याचा गंधार देता यावा. आजच्या भाषेत सांगायचं तर कस्टम ट्यूनिंग असलेला कीबोर्ड. फक्त तो लाकडाचा होता आणि बोटीनं आला होता.

१९१६ मध्ये बडोद्याला पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली. पडद्यामागचे सूत्रधार विष्णु नारायण भातखंडे. ते मूळचे वकील, स्वभावानं शिस्तीचे. देशभरातलं गाणं लिहून काढायचं, दहा थाटांत बसवायचं, सामान्य मुलाला शिकता येईल असं करायचं, हे त्यांचं काम. त्यांना बारा स्वर पुरेसे वाटत होते. श्रुती गवयागणिक, प्रसंगागणिक बदलते, ती तारेवर कायमची खिळवता येत नाही, असं त्यांचं मत. देवल आणि क्लेमंट्स आपली पेटी घेऊन तिथे पोहोचले. वाद झाला आणि जमलेल्या जाणकारांनी ती पेटी काही मान्य केली नाही.

या वादात कोण बरोबर होतं? माझ्या मते दोघंही अर्धे अर्धे. भातखंड्यांच्या बाजूनं बघायचं तर दरबारी कानड्याचा गंधार पेटीवर बसूच शकत नाही, मग पट्ट्या बारा असोत नाहीतर बावीस. तो गंधार एका जागी उभा राहत नाही, झुलतो. त्याला आंदोलन म्हणतात आणि ते आंदोलन कुठल्याच बटणात मावत नाही. हे खरंच आहे. पण देवलांचंही खरं होतं की ज्या स्वरावर गवई थांबतो, त्या स्वराला एक जागा असते, आणि बारा सारख्या तुकड्यांत ती जागा सापडत नाही. खाँसाहेबांच्या गाण्यात या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ऐकू येतात, त्यामुळे त्यांना यापैकी एका बाजूला बसवणं अवघड आहे.

पुढे हा वाद रेडिओपर्यंत गेला. आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती सुटायला १९७१ उजाडलं. तेव्हा बारा पट्ट्यांची पेटी सरकारी स्टुडिओच्या दाराबाहेर तीस वर्षं उभी होती. आज तीच बारा पट्ट्यांची व्यवस्था प्रत्येक फोनमध्ये आयती बसून येते आणि कुणी बंदीबिंदी घालत नाही. बदलायची असेल तर सेटिंगच्या चौथ्या-पाचव्या पानावर जावं लागतं. बहुतेक जण तिथपर्यंत जात नाहीत, हा खरा मुद्दा आहे.

परत खाँसाहेबांकडे येऊ. श्रुतीचे प्रयोग चालले होते तेव्हाच त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. मुस्लिम उस्ताद, हिंदू पत्नी, शाळेच्या नावात आर्य, आणि समोर बसलेले बरेचसे विद्यार्थी मराठी-कानडी हिंदू घरांतले. घराण्याची विद्या घरातच ठेवायची तो काळ होता. ही एवढी सरमिसळ त्या काळात कुणी ठरवून करत नव्हतं, त्यांच्याकडे ती आपोआप झाली. जलसे करून पैसा उभा करायचा आणि शाळा चालवायची, असा संसार.

त्यांचा सगळ्यात गाजलेला शिष्य म्हणजे कुंदगोळचे रामभाऊ, म्हणजेच सवाई गंधर्व. खाँसाहेब म्हैसूर दरबारात गायला जायचे, तेव्हा वाटेत धारवाड-हुबळीकडे मुक्काम पडायचा. कुंदगोळला नाडगीरांच्या वाड्यात त्यांची ऊठबस असायची. तिथेच हा शिष्य त्यांना मिळाला. आज भीमसेन जोशी, गंगूबाई हनगल ही जी नावं आपण घेतो, ते दोघे सवाई गंधर्वांचे शिष्य. म्हणजे खाँसाहेबांचे नातशिष्य. म्हैसूर दरबारानं त्यांना संगीतरत्न म्हणून गौरवलं. आणि दक्षिणेच्या या फेऱ्यांमधून त्यांनी कर्नाटक संगीतही कानात साठवलं. सरगम गाण्याची त्यांची पद्धत तिकडूनच पक्की झाली असं मानलं जातं. त्यागराजांची कृती गाऊन त्यांनी तिची रेकॉर्डही काढली. उत्तरेच्या उस्तादानं तेव्हा असं करणं म्हणजे नवलच.

एक किस्सा सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. खाँसाहेबांनी आपल्या कुत्र्याला सुरात ओरडायला शिकवलं होतं, असं सांगतात. कुत्र्याचं नाव टिपू. जो माणूस कुत्र्याच्या भुंकण्यातही षड्ज शोधत होता, त्याला आज कोआलासारखं ॲप दिलं असतं तर त्यानं काय केलं असतं, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

पण घरातलं चित्र इतकं सुरेल राहिलं नाही. १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन वेगळ्या झाल्या. पाच मुलं. ताराबाईंनी मुलांना वडिलांचं नाव लावलं नाही, आपलं माहेरचं माने हे आडनाव दिलं आणि मुलांची नावंही बदलली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू माने झाले. चंपाकलीची हिराबाई झाली, ती पुढे हिराबाई बडोदेकर म्हणून अख्ख्या महाराष्ट्राला माहिती झाली. सकीनाची सरस्वती झाली, म्हणजे सरस्वती राणे. सोबत कमलाबाई आणि कृष्णराव.

बापाचं नाव गेलं, पण बापाचा सूर या मुलांच्या गळ्यातून काही गेला नाही. हिराबाईंचं पुढचं शिक्षण वडिलांकडे नाही, तर त्यांच्याच घराण्यातल्या अब्दुल वहीद खाँ यांच्याकडे झालं. घरंदाज बायकांनी तिकीट लावून जाहीर बैठकीत गाणं ज्या काळात वर्ज्य होतं, त्या काळात हिराबाई स्टेजवर बसून गायल्या. या भावंडांनी नाटक कंपनीही चालवली. सुरेशबाबूंकडे पुढे प्रभा अत्रे शिकल्या. सरस्वतीबाईंनी १९४३ च्या रामराज्य सिनेमात पार्श्वगायन केलं. खाँसाहेब मात्र घर मोडल्यावर मिरजेतच राहिले. मुलं मोठी होताना त्यांच्या वाट्याला आली नाहीत, आणि मराठी रसिकांना वडील आणि मुलं दोन्ही मिळाली. हा हिशेब कुणाच्या बाजूनं मांडायचा ते कळत नाही.

आता सॅम्पलिंगवाल्यांनी इकडे लक्ष द्या.

खाँसाहेबांचं ध्वनिमुद्रण मुख्यत: दोन टप्प्यांत झालं. पहिलं १९०५ च्या सुमारास, ग्रामोफोन भारतात नुकता आला होता तेव्हा. तेव्हा मायक्रोफोन नव्हता, कर्ण्यात तोंड घालून गायचं. दुसरा टप्पा तब्बल तीस वर्षांनी, १९३० च्या दशकाच्या मध्यावर, ओडियन कंपनीसाठी. तोवर विजेचा मायक्रोफोन आला होता आणि खाँसाहेब साठी ओलांडून गेले होते. एका बाजूला साधारण तीन-सव्वातीन मिनिटं. तासभर एक राग मांडणाऱ्या माणसाला तीन मिनिटांत सगळं सांगायचं होतं. आज रील बनवणाऱ्यांची तक्रार असते की एवढ्या कमी वेळात काही होत नाही. त्यांनी या रेकॉर्ड एकदा ऐकाव्यात. सुरुवातीलाच षड्ज असा लागतो की पहिल्या पाच सेकंदांत दार बंद होऊन बाहेरचा आवाज थांबावा.

याच रेकॉर्डमध्ये मराठी नाट्यपदंही आहेत. त्यातलं चंद्रिका ही जणू हे मानापमान नाटकातलं, १९११ चं. झिंझोटीतली पिया बिन नहीं आवत चैन ही ठुमरी तर सगळ्यात गाजली. गदगच्या एका दुकानात खाँसाहेबांची रेकॉर्ड वाजत होती, ती एका शाळकरी पोरानं ऐकली आणि त्याला गाण्याचं वेड लागलं. ते पोरगं म्हणजे भीमसेन जोशी. गुरू शोधायला घरातून पळून जाण्यापर्यंत ते वेड गेलं.

कायद्याचं बोलायचं तर भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनापासून साठ वर्षांचा असतो. म्हणजे १९३० च्या दशकातल्या या मूळ तबकड्यांवरचा हक्क १९९० च्या दशकातच संपलाय. मूळ तबकडीतला तुकडा तुम्ही फोनवर घेऊन त्याचा लूप केला तर कुणाच्या परवानगीची गरज नाही. कंपनीनं नव्यानं साफ करून काढलेली आवृत्ती, त्याचं पाकीट, त्याचं नाव हा विषय वेगळा, तिथे आधी तपासून घ्या.

पण तांत्रिक बाजूनं दोन खाचखळगे आहेत आणि दोन्ही थेट खाँसाहेबांच्या आयुष्याशी जोडलेले आहेत. पहिला वेगाचा. जुन्या तबकडीवर ७८ फेरे लिहिलेले असले तरी मुद्रण करताना वेग तेवढाच होता याची खात्री नसते, विशेषतः १९०५ च्या काळातल्या तबकड्यांची. वेग थोडा चुकला की सूर वर किंवा खाली सरकतो. त्यामुळे रेकॉर्डवरचा सा तुमच्या फोनच्या काळी एक किंवा पांढरी दोनशी बरोब्बर जुळेल ही आशा सोडा. आधी रेकॉर्डमधला सा शोधा, मग ॲपचा तानपुरा त्याच्याशी मिळवा. उलटं करू नका.

दुसरा खाचखळगा जास्त घातक. बऱ्याच ॲपमध्ये सॅम्पल घेतला की सूर सुधारण्याचं एक बटण असतं. ते दाबलं की प्रत्येक स्वर जवळच्या पट्टीवर नेऊन बसवला जातो. म्हणजे ३८६ वरचा गंधार ओढून ४०० वर. देवलांनी तार ताणून जे मोजलं, खाँसाहेबांनी ज्यासाठी परत परत गळा लावला, ते एका बोटानं पुसलं जातं आणि ॲप हिरवी खूण दाखवून सांगतं की सूर आता बरोबर झाला. मींडेचं तर विचारूच नका. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारा तो आवाज या बटणाखाली जिन्याच्या पायऱ्यांसारखा तुकड्या-तुकड्यात पडतो.

ज्यांना खरंच करून बघायचं असेल त्यांनी सुधारणेचं बटण बंद ठेवावं. तानपुरा ॲप असं निवडावं ज्यात प्रत्येक तार सेंटमध्ये सरकवता येते. आणि एकाच पट्टीत मुद्रित केलेला तानपुरा चार-पाच पट्ट्या वर ढकलून वापरू नये, कारण मग जवारी पातळ होते आणि आवाज डब्यातून आल्यासारखा येतो. चांगल्या ॲपमध्ये वेगवेगळ्या पट्टीतले तंबोरे वेगळे मुद्रित केलेले असतात. बंगळुरूच्या जी. राजनारायण यांनी १९७९ मध्ये राडेल हा इलेक्ट्रॉनिक तंबोरा आणला, तेव्हापासून या मशीनच्या तंबोऱ्याला नाकं मुरडणारे गवई आहेत आणि तोच मशीनचा तंबोरा बॅगेत घालून दौऱ्यावर जाणारे गवईही आहेत. बऱ्याचदा दोन्ही गवई एकच असतात.

खाँसाहेबांच्या दौऱ्यात मात्र तंबोरा खराखुरा असायचा, अगदी शेवटच्या प्रवासातही. १९३७ च्या ऑक्टोबरमध्ये ते मद्रासला होते. तिथून पाँडिचेरीला निघाले. रेल्वेत छातीत दुखायला लागलं. सिंगपेरुमल कोइल नावाचं छोटं स्टेशन आलं तेव्हा ते शिष्यांसह खाली उतरले. रात्रीची वेळ. फलाटावर वळकटी पसरली. त्यांनी तंबोरा मागवला, सुरात मिळवला, आणि दरबारी कानड्यात प्रार्थना गायला सुरुवात केली. त्यातच त्यांचा प्राण गेला. तारीख २७ ऑक्टोबर १९३७. वय पासष्टच्या घरात. ज्या रागाचा गंधार पेटीत बसत नाही, शेवटचा राग नेमका तोच.

त्यांचा देह मिरजेला आणला आणि मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केला. दरवर्षी उरुसात तिथे खाँसाहेबांच्या आठवणीत रात्र-रात्र गाण्याची सभा होते. चिंचेच्या झाडाखाली बैठक असते. देशभरातले गवई येतात आणि गायला बसण्याआधी पंधरा-वीस मिनिटं तंबोरे मिळवत बसतात. तंबोरे बनवणाऱ्यांची गल्लीही त्याच गावात आहे.